रस्ता ओलांडणारे किती?

आमच्या घरासमोरचा रस्ता २०२२ च्या डिसेंबरपर्यंत बराच सुरक्षित होता, कारण तो खड्ड्यांनी भरलेला होता. गंमत म्हणून सांगत नाही. बसस्टँडकडून येणारी गाडी आमच्या वळणावर पहिल्या गिअरवर यायचीच, नाहीतर टायर गेला. मग आम्ही वाड्यावरच्या लोकांनी अर्ज केले, सह्या गोळा केल्या, नगरसेवकाच्या मागे लागलो. त्या सगळ्या अर्जांच्या झेरॉक्स माझ्याच दुकानात निघाल्या. शेवटी हॉटमिक्स झालं. रस्ता काळाभोर, गुळगुळीत, बघत राहावं असा. कोणीतरी पेढेसुद्धा वाटले. आठवड्याभरात आमच्या लक्षात आलं, की आजवर आमची राखण खड्डेच करत होते.

माझं दुकान म्हणजे झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणं. उत्तर गोव्यातलं तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही, कारण पुढे ज्यांच्याविषयी लिहिणार आहे ती माणसं उद्याही झेरॉक्सला येणार आहेत. रस्ता सात मीटर रुंद. अलीकडे आमची त्रेचाळीस घरं. पलीकडे शाळा, देऊळ, रेशनचं दुकान, भाजीवाली आणि पदेराची, म्हणजे पाववाल्याची, भट्टी. म्हणजे रोज जे जे लागतं ते सगळं पलीकडे. स्टुलावर बसून मला रस्त्याचा मोठा तुकडा दिसतो. डाव्या हाताला फणसाजवळ वळण, त्याच्या पलीकडचं काही दिसत नाही. मला दिसत नाही ते रस्ता ओलांडणाऱ्यालाही दिसत नाही.

२०२३ चा जून. शाळा सुरू होऊन दुसरा आठवडा, पाऊस धो धो. चौथीतला एक मुलगा रेनकोटची टोपी डोळ्यांपर्यंत ओढून निघाला होता, अर्धा रस्ता ओलांडूनही झाला होता. वळणावरून आलेल्या दुचाकीचा आरसा त्याच्या कोपराला लागला आणि हाड मोडलं. दुचाकीवाला पळाला नाही, हे सांगायला हवं. त्यानेच मुलाला रिक्षात घालून इस्पितळात नेलं. जाताना तो सारखं एकच म्हणत होता, "दिसलोच ना गो बाय, दिसलोच ना." म्हणजे मुलगा दिसलाच नाही. खोटं बोलत नव्हता तो.

त्यानंतरच्या रविवारी रात्री जे झालं ते लिहावं की नको, असा बराच विचार केला. एका घराचं बांधकाम चालू होतं, तिथलं उरलेलं काँक्रीट होतं. अकराच्या सुमारास चारपाच जणांनी ते घमेल्यांतून आणून रस्त्यावर आडवं थापलं. मी दुकानाचा दिवा लावून दिला, तेव्हा मीही त्यात आलेच. आमचा गतिरोधक एक वीत उंच, दीड वीत रुंद. पाट्यावरचा वरवंटा रस्त्यावर आडवा ठेवावा तसा. दोन दिवस आम्ही खूष होतो. तिसऱ्या दिवशी पहाटे माशेवाली बाई भाच्याच्या स्कूटरवर मागे बसून बाजाराला चालली होती. स्कूटर उडाली, ती पडली, पाय मुरगळला, पाटी उलटली. पावसात रस्त्यावर पसरलेले बांगडे आम्ही गोळा केले. तेवढा वेळ ती आम्हाला शिव्या घालत होती. एकही शिवी वावगी नव्हती. दुपारी आम्हीच पहारीने तो उंचवटा फोडून काढला. पुढे कळलं, की गतिरोधकाचंही माप ठरलेलं असतं: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, वरून गोलाई अशी की ताशी २५ किलोमीटरने जाणारी गाडी अलगद चढून उतरावी. अरुंद आणि उंच केला की वेग कमी होत नाही, माणूस पडतो.

मग देवळाच्या मंडपात बैठक झाली. आम्ही पंचायतीत असतो तर ग्रामसभा असती. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, रविवारी उभं राहून विचारता आलं असतं. नगरपालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या माणसाला तशी सभा नाही. पालिकेच्या बैठकीत बोलतो तो नगरसेवक, आपण नाही. गाव मोठं झालं की बोलायची जागा जाते, हे मला तोपर्यंत कधी जाणवलं नव्हतं. आमचे नगरसेवक बैठकीला आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रस्तो पालिकेचो न्हय." रस्त्यांच्या खात्यात गेलो. तिथले साहेब म्हणाले, डांबराचा भाग आमचा, पण शाळेसमोरचं काम म्हणजे पालिकेने ठराव पाठवायला हवा. पालिकेत परत आलो. ठराव घेऊ, पण आधी रस्ता कोणाचा ते खात्याकडून लेखी आणा.

जुलैभर हे चाललं. शेवटी मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. दहा रुपये फी, प्रश्न एकच: अमुक ठिकाणापासून तमुक ठिकाणापर्यंतचा रस्ता, गटार, कडेची जागा आणि दिवे कोणाच्या ताब्यात? पालिकेने अर्ज कायद्याच्या कलम ६(३) खाली पाच दिवसांत खात्याकडे वर्ग केला. इतकी तत्परता मी पालिकेत कधी पाहिली नव्हती. खात्याने तो तितक्याच तत्परतेने परत पालिकेकडे वर्ग केला. दोन्ही पत्रं मी दुकानात शेजारीशेजारी लॅमिनेट करून लावली, गिऱ्हाइकांची करमणूक झाली. तीस दिवस झाल्यावर पहिलं अपील केलं. सुनावणीला दोन्हीकडचे माहिती अधिकारी एकाच टेबलाशी बसले, तेव्हा दहा मिनिटांत उत्तर निघालं. डांबर खात्याचं, गटार आणि त्यावरच्या लाद्या पालिकेच्या, खांब वीज खात्याचे. फणस कोणाचा हे विचारायचं राहिलं.

अर्ज मी मराठीतच केले. गोव्याची राजभाषा कोंकणी, पण १९८७ च्या राजभाषा कायद्याने सरकारी कामाला मराठीही चालते. कारकुनाने एकदा "इंग्लिशीत दी मगे" म्हटलं, पण घेतला.

हे चालू असतानाच मोजणी सुरू झाली, आणि खरं सांगायचं ते इथेच आहे.

वाड्यावरचे मास्तर निवृत्त गणिताचे शिक्षक. त्यांचा भाचा फर्मागुढीच्या इंजिनियरिंग कॉलेजात सिव्हिलला. तो एका शनिवारी आयआरसीची, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसची, पादचाऱ्यांसाठीची संहिता फोनमध्ये घेऊन आला. क्रमांक १०३. मी तिची पानं छापली. त्यात एक सूत्र सापडलं. गर्दीच्या तासाला रस्ता ओलांडणारी माणसं म्हणजे पी, त्याच तासातल्या गाड्या म्हणजे व्ही. पी गुणिले व्हीचा वर्ग. मधे दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हा आकडा दहा कोटींच्या वर गेला, की संरक्षित क्रॉसिंगची गरज आहे असं धरतात. दुभाजक असेल तर वीस कोटी. आणखीही निकष होते. गाड्यांचा वेग ताशी ६५ च्या वर असणं हा एक. वर्षभरात पाच किंवा जास्त पादचारी गाड्यांच्या धडकेने जखमी होणं हा दुसरा. आमच्याकडे वर्षात तीन झाले होते. मास्तर म्हणाले, "म्हणजे अजून दोघांची वाट बघायची." मुलाची आई तिथेच बसली होती, ते त्यांच्या लक्षात उशिरा आलं.

ऑगस्टमध्ये सोमवार ते गुरुवार, चार दिवस, सकाळी सव्वासात ते सव्वाआठ आम्ही मोजलं. शाळेची वेळ. दोघं माणसं मोजायला, दोघं गाड्या मोजायला, प्रत्येक दिशेला एक. पाच पाच काड्यांचे गठ्ठे पाडायचे, पाचवी काडी आडवी. पावसात कागद भिजायचे, म्हणून मी तक्ते लॅमिनेट करून दिले आणि त्यावर खडूने लिहायला सांगितलं. खडू पावसात पुसला गेला. पहिला दिवस वाया. दुसऱ्या दिवसापासून मार्कर, आणि सोमवारच्या ऐवजी शुक्रवार. चार दिवसांची सरासरी: माणसं २१०, गाड्या ९००. मास्तरांनी फळ्यावर मांडलं, ९०० चा वर्ग आठ लाख दहा हजार, गुणिले २१०, सतरा कोटी एक लाख. दहा कोटी लागतात, आपले सतरा. मंडपात टाळ्या पडल्या. रस्ता धोकादायक ठरला म्हणून टाळ्या वाजवणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली, त्यात मीही होते.

पण मला एक गोष्ट खटकत होती. चार दिवस मी स्टुलावर बसून माणसं मोजली, आणि त्यात कोपऱ्यावरच्या काकी एकदाही आल्या नाहीत. काकी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. दर गुरुवारी देवळात भजन असतं. काकींना शंभर तरी अभंग तोंडपाठ, आणि पेटीवाला चुकला तर त्या पदर सावरत खाकरतात. गुरुवारी मोजणी होती तरी त्यांची काडी पडली नाही. मोजणी सकाळची होती, भजन संध्याकाळचं, हे मला कळत होतं. तरी आठवून बघितलं, तर संध्याकाळीही कित्येक महिन्यांत त्या दिसल्या नव्हत्या. विचारायला गेले. म्हणाल्या, "मला आता कुठे जायचंय गं? पदेर दारात येतो, भाजी सुनबाई आणते." भजनाचं विचारलं तर म्हणाल्या, खिडकी उघडी ठेवली की ऐकू येतं. खिडकीजवळ खुर्ची होती, खुर्चीवर टाळ.

त्या रात्री मी मास्तरांना सांगितलं, की आपला तक्ता चुकलाय. जे ओलांडतात तेच आपण मोजले. ज्यांनी ओलांडणं सोडून दिलं ते कुठल्याच रकान्यात नाहीत. मास्तर गप्प झाले. मग म्हणाले, सूत्रच तसं आहे. उद्या सगळेच घाबरून घरी बसले तर पी शून्य, आणि शून्याने कशालाही गुणा. कागदावर तो गोव्यातला सगळ्यात सुरक्षित रस्ता ठरेल.

म्हणून आम्ही दुसरी मोजणी केली, घरोघरी. त्रेचाळीस घरं, प्रश्न एकच: गेल्या आठवड्यात पलीकडे जायचं होतं आणि गेला नाहीत, असं कितीदा झालं? लोक आधी हसायचे. मग आठवायला लागायचे. एका घरातला मुलगा पलीकडच्या मैदानात खेळायला जायचा, आता वडील घरी असतील तेव्हाच. एक गरोदर बाई फिरायला जाणं सोडून गच्चीवर फेऱ्या मारत होती. रेशन आणायला एक आजोबा रिक्षा करत होते, पलीकडे जायला! आणि एकोणीस घरांतून मुलांना शाळेत स्कूटरने सोडत होते. दारातून स्कूटर काढायची, सात मीटरचा रस्ता पार करायचा, शाळेच्या फाटकाशी मूल उतरवायचं, वळून परत. त्या एकोणीस घरांतल्या एका घरी मीच राहते. म्हणजे ज्या ९०० गाड्यांची आम्हाला भीती होती त्यांत आमच्याच स्कूटरी जाता-येता दोनदा मोजलेल्या होत्या. भीतीने एक माणूस चालायचा थांबतो आणि रस्त्यावर एक गाडी वाढते, मग त्या गाडीला भिऊन पुढचा थांबतो.

ही यादी मी नावं काढून टाईप केली आणि अर्जाला जोडली. सतरा कोटींचा तक्ता वर, ही खाली. पुढे सगळीकडे लोकांनी वाचली ती खालचीच.

खात्याचे एक तरुण सहायक अभियंता सप्टेंबरात, चतुर्थीच्या आधी, जागा बघायला आले. आम्ही मोठ्या अभिमानाने सूत्र दाखवलं. ते हसले. म्हणाले, हे सूत्र सिग्नल वगैरे लावून जे क्रॉसिंग करतात त्याला. साध्या झेब्रा पट्ट्यांना एवढं गणित लागतच नाही. मास्तरांचा चेहरा उतरला. पण अभियंता बिचारे पुढे म्हणाले, गणित असलं की माझ्या वरचा माणूस नाही म्हणत नाही, ते राहू दे. मग त्यांनी टेप काढला. आमची मागणी होती पट्टे शाळेच्या फाटकासमोर. त्यांनी फाटकापासून वळणापर्यंत मोजलं, चाळीस मीटर. "हांगा ना," ते म्हणाले, म्हणजे इथे नाही. ताशी ५० ने येणारी गाडी सेकंदाला चौदा मीटर जाते. माणूस बघून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद गेला, की त्यातले चौदा मीटर संपले. मग गाडी थांबायला उरतं काय? ओल्या रस्त्यावर तर विचारू नका. वळणाजवळ पट्टे रंगवले तर मुलांना वाटणार आपण सुरक्षित, आणि तसं असणार नाही. पट्ट्यांशिवायचा रस्ता निदान फसवत तरी नाही.

ते टेप घेऊन पुढे पुढे चालत गेले आणि वळणापासून नव्वद मीटरवर थांबले. बरोबर माझ्या दुकानासमोर.

आता हे कबूल करते. झेब्रा पट्टे दुकानासमोर आले की तिथे गाड्या लावता येणार नाहीत. माझं निम्मं गिऱ्हाईक स्कूटर चालू ठेवून "दोन कॉपी काढ गो" म्हणणारं. शेजारच्या हार्डवेअरवाल्याने लगेच विरोध केला, आणि मी दोन दिवस तोंड उघडलं नाही. बैठकीत कोणी विचारलं तर म्हणायचे, बघू, शाळेचं काय म्हणणं आहे ते बघू. शाळेला पट्टे फाटकासमोरच हवे होते, त्यामुळे माझी सोय होत होती. तिसऱ्या दिवशी मुलाची आई त्याच्या प्लास्टरची बिलं झेरॉक्स करायला आली. काही बोलली नाही. बावीस पानं होती. त्या संध्याकाळी मी ना हरकत लिहून दिली. हार्डवेअरवाल्याने नंतर दिली, पण सिमेंटची गाडी उतरवायला सकाळी नवाच्या आत सूट मागून घेतली, जी रास्त होती.

काकींची वेळही आम्ही त्याच दिवसांत घेतली. सुनेचा हात धरून त्या आल्या, मी फोनवर घड्याळ लावलं. सात मीटर, चौदा सेकंद. अभियंत्यांनी हिशेब केला. नव्वद मीटरवर दिसलेली गाडी ताशी ५० ने साडेसहा सेकंदांत इथे पोचते. वेग २५ वर आणला तर तेरा सेकंद. मास्तर म्हणाले, तरी एक सेकंद कमी पडतोय. अभियंता म्हणाले, तो एक सेकंद ड्रायव्हरने द्यायचा.

गोव्यात रस्त्यावर गतिरोधक किंवा फलक बसवायचा तर नुसतं खात्याच्या मनात येऊन चालत नाही. मोटार वाहन कायद्याखाली, १९८८ चा कायदा, जिल्हाधिकारी अधिसूचना काढतात. वेगमर्यादा, गाड्यांना बंदी, फलक, यांची कलमं ११२, ११५, ११६. त्याआधी वाहतूक पोलिसांचा अहवाल आणि खात्याचा अहवाल. हे कळायला आम्हाला तीन महिने लागले, कारण कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आम्ही आपले पट्टे रंगवणाऱ्याच्या मागे लागलो होतो. ऑक्टोबरात जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज दिला. पोलीस हवालदार डिसेंबरात आले, स्टुलावर बसून चहा प्यायले, अर्धा तास रस्ता बघितला आणि "गरज आसा" लिहून गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अधिसूचना निघाली. राजपत्र पणजीत दर गुरुवारी निघतं, वर इंग्रजी तारखेशेजारी शक संवतातली तारीख. मी दर गुरुवारी संध्याकाळी, पलीकडे भजन चालू असताना, राजपत्राची पानं डाऊनलोड करून आमच्या वाड्याचं नाव शोधत होते. ज्या दिवशी सापडलं त्या दिवशी त्रेचाळीस प्रती काढल्या. फुकट. वळणाच्या दोन्ही अंगांना एकेक गतिरोधक, झेब्रा, शाळेचे आणि पादचाऱ्यांचे त्रिकोणी फलक, ताशी ३० ची मर्यादा.

आम्हाला वाटलं झालं. १६ मार्चला लोकसभेची निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. निविदा निघाली नव्हती, आता निघणार नव्हती. गोव्यात मतदान ७ मेला, निकाल ४ जूनला, आणि जून म्हणजे पाऊस. पावसात रस्त्यावर रंग चढत नाही, हॉटमिक्सचे प्लांट बंद असतात. म्हणजे सरळ ऑक्टोबर. दुसरं शाळेचं वर्ष पट्ट्यांशिवाय सुरू झालं. त्या जूनमध्ये आया आणि आजोबा मिळून पाळीपाळीने उभे राहिले, हातात लाल छत्री. छत्री उघडून मिटायची हा आमचा सिग्नल. एक गोष्ट त्यातून शिकलो: फक्त हात दाखवला तर दुचाकीवाले बाजूने काढतात, छत्री आडवी धरली तर थांबतात. रंग निघेल अशी भीती वाटत असावी, गाडीचा.

२०२४ च्या नोव्हेंबरात, दिवाळी होऊन आठवडाही झाला नव्हता, एक टेंपो आला. मागे भट्टी. पांढरी पूड वितळवून घट्ट पिठल्यासारखी करायची, ढकलगाडीच्या पेटीतून रस्त्यावर ओढायची, आणि गरम असतानाच वर बारीक काचेचे मणी भुरभुरायचे. रात्री दिव्याच्या उजेडात पट्टे चमकतात ते त्या मण्यांमुळे. शाळा सुटायची वेळ, मुलं दोन्हीकडे रांग लावून बघत होती. चाळीस मिनिटांत पट्टे पुरे. कोपर मोडल्यापासून सतरा महिने झाले होते. गतिरोधक मापाचे झाले, मी मुद्दाम टेपने मोजले. माशेवाली बाई पहिल्यांदा त्यावरून गेली तेव्हा तिने माझ्याकडे बघून मान हलवली. माफी दिली की नाही ते कळलं नाही.

पहिल्या सकाळी पट्ट्यांवर कोणीही थांबलं नाही. २०१७ च्या वाहनचालकांच्या नियमांत स्पष्ट आहे, की सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगवर चालकाने वेग कमी करायचा, थांबायचं आणि पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. पण लोकांना झेब्रा म्हणजे रस्त्यावरची रांगोळी वाटते. आम्ही पुन्हा छत्री काढली. चौथ्या दिवशी कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी महामंडळाची, बस आली. ड्रायव्हरने लांबूनच मुलं बघितली आणि बस पट्ट्यांच्या अलीकडे सरळ उभी केली. बस थांबली म्हणजे मागचं सगळं थांबलं, सात मीटरच्या रस्त्यावर तिला ओलांडून जाणार कुठून? मुलं गेली. तो ड्रायव्हर आठवड्यातून पाच दिवस सव्वासातला येतो. महिन्याभरात मागच्या दुचाक्यांनाही सवय लागली, निदान त्या वेळेपुरती. दुपारी अजून तसंच आहे.

२०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की चालायला मोकळा फुटपाथ मिळणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. मास्तर कात्रण घेऊन आले, तीस प्रती काढल्या. आमच्याकडे फुटपाथ म्हणजे गटारावरच्या लाद्या, त्यातल्या तीन हलतात. तो अर्ज वेगळा आहे, पालिकेत आहे.

मात्र आमच्या एकोणीस स्कूटरींपैकी आता आठच निघतात. माझी त्यात नाही. माझं गिऱ्हाईक थोडं कमी झालं हे खरं. जे येतं ते गाडी पुढे लावून चालत येतं, आणि चालत आलेलं माणूस घाईत नसतं, लॅमिनेशनही करून घेतं.

काकी गुरुवारी भजनाला जातात. नेम असा, की संध्याकाळी सहाची बस येईपर्यंत दारात बसायचं. बस येते आणि उतारू उतरवायला पट्ट्यांवरच थांबते, कारण माणसं तिथेच उभी असतात. मग काकी टाळ हातात घेऊन बसच्या समोरून चौदा सेकंदांत पलीकडे जातात. आता बस पट्ट्यांवर उभी राहणं हे चुकीचं आहे. बसमुळे पलीकडून येणारी दुचाकी दिसत नाही, आणि काकींना तर नाहीच. अभियंत्यांनी फोनवर सांगितलं, बस थांबा पट्ट्यांच्या पुढे न्यायला हवा, म्हणजे माणसं बसच्या मागून ओलांडतील. मास्तरांनी अर्ज लिहिला, मी टाईप केला, वाड्यावर सह्यांसाठी फिरवला. एकेचाळीस घरांच्या सह्या झाल्या. हार्डवेअरवाल्याला थांबा त्याच्या दाराशी येईल का ते आधी बघायचंय.

काकींनी चष्मा लावून अर्ज पूर्ण वाचला. मग कागद माझ्याकडे परत दिला. म्हणाल्या, "बस तिथे थांबते म्हणून तर मी जाते. ती हलवलीत, तर मला कोण थांबवून देणार?" मी त्यांना दुचाकीचं समजावलं, मास्तरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. त्यांनी चित्र बघितलं, छान काढलंय म्हणाल्या. सही अजून केलेली नाही.